पेल्यांतील पारख

इंग्लंडांतील लहानशा गांवच्या मद्यगृहांत, म्हणजे तिकडे ज्याला ‘पब’ म्हणतात तेथें, अलीकडे कांहीं ठराविक सायंकाळीं एक मोठा गमतीचा प्रकार पाहावयास मिळतो. लांकडाच्या अरुंद फळीवर तीन-चार लहान पेले ओळीनें मांडलेले असतात. एकांतील पेय सोनेरी, दुसऱ्यांतील तांबूस, तिसऱ्यांतील कॉफीसारखें काळें. भोंवतीं जमलेल्या मंडळींत गांवचा शिक्षक असतो, सुतार असतो, पेन्शनर असतो, आणि कॉलेजांतून नुकतीच बाहेर पडलेली एखादी तरुणीहि असते. ही मंडळी पेला उजेडापुढें धरतात, हुंगतात, एक घोट घेतात, आणि मग आपल्याकडे हापूस श्रेष्ठ कीं पायरी श्रेष्ठ यावरून जसा वाद माजावा तसा त्यांचा वाद माजतो. ज्यानें ती बिअर तयार केली तो कारागीर पुष्कळदां तेथेंच उभा असतो आणि परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याप्रमाणें सर्वांच्या तोंडांकडे पाहात असतो.

श्रोतेहो, ही नव्या पिढीची एक नवी टूम आहे असें पुष्कळांस वाटतें. ‘क्राफ्ट बिअर’, म्हणजे हातकसबाची बिअर, हा शब्दहि नवाच. परंतु इतिहासाचीं पानें उलटून पाहिलीं तर असें दिसतें कीं, पेला पुढें धरून त्याची पारख करणें हें इंग्रज समाजांत एके काळीं चैनीचें नव्हे, तर गांवकारभाराचें अंग होतें. ती पारख पुढें लोकांच्या हातून गेली. तिच्या पाठोपाठ पेयाची चवहि गेली. आणि सामान्य गिऱ्हाइकांनीं ती पुन्हां हातीं घेतली तेव्हां कोठें चव परत आली. आज मला सांगावयाची आहे ती एवढीच कथा. मद्यपानाचा पुरस्कार करणें हा तिचा हेतु नाहीं. मद्यानें धुळीस मिळालेलीं घरें आपल्या सर्वांच्या पाहण्यांत आहेत. पण ज्या वस्तूंत धोका आहे तिच्याविषयीं समाजानें डोळस असावें कीं आंधळें असावें, हा प्रश्न मात्र या कथेंत जागोजाग उभा राहतो.

मध्ययुगीन इंग्लंडांत जवापासून केलेलें ‘एल’ हें पेय घरोघर होत असे. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, ते भट्टीच्या उष्णतेवर वाळवावयाचे, भरडून कढत पाण्यांत घालावयाचे, आणि निथळलेला गोड रस आंबूं द्यावयाचा, अशी त्याची कृति. आपल्याकडील नाचणीच्या आंबिलीप्रमाणें हें कामहि बहुधा घरच्या बायकांच्या हातीं असे. या एलच्या अंगीं टिकाऊपणा नव्हता; थोडक्याच दिवसांत तें आंबट होऊन जाई. तेव्हां घरापुरतें ठेवून उरलेलें शेजाऱ्यापाजाऱ्यांस विकावयाचें, आणि एल विक्रीस आहे हें कळावें म्हणून दारावर एक काठी लावून तिला पाल्याची जुडी बांधावयाची, असा रिवाज पडला. पब या संस्थेचें एक मूळ असें गृहिणीच्या उंबरठ्यावर सांपडतें.

तेराव्या शतकांत, तिसऱ्या हेन्री राजाच्या अमदानींत, भाकरी व एल यांविषयीं एक प्रसिद्ध कायदा झाला. धान्याचा भाव चढेल-उतरेल त्या मानानें एलचाहि भाव ठरावा, असें त्याचें तत्त्व. भाव ठरला, पण माल चांगला कीं वाईट हें कोणी ठरवावयाचें? त्यासाठीं गांवोगांव ‘एल-कॉनर’ नांवाचे परीक्षक नेमले जाऊं लागले. त्यांनीं शपथ घ्यावयाची, नवें एल तयार झालें कीं त्याची चव पाहावयाची, प्रत हलकी असेल तर भाव उतरवावयास लावावयाचा, आणि मापांत खोट सांपडली तर विकणारास पंचांपुढें उभें करावयाचें. शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखाच हा प्रकार. मात्र त्यामागें कायद्याचें बळ होतें. हा अधिकारी चामड्याची विजार घालून बाकावर सांडलेल्या एलमध्यें बसे आणि विजार चिकटते कीं नाहीं यावरून निर्णय देई, अशी एक मजेदार दंतकथा आहे. इतिहासकार ती खरी मानीत नाहींत; पण लोकांच्या मनांत या अधिकाऱ्याविषयीं आदर आणि थट्टा यांचें कसें मिश्रण होतें हें तीवरून समजतें. खुद्द शेक्सपिअर कवीचे वडील जॉन शेक्सपिअर यांची १५५६ सालीं स्ट्रॅटफर्ड गांवीं याच कामावर नेमणूक झाली होती. पुढें तेच त्या गांवचे प्रमुख अधिकारीहि झाले. तेव्हां चव घेणें हें प्रतिष्ठित नागरिकाचें काम समजलें जाई, हें उघड आहे.

मग ही पारख लोकांच्या हातून गेली कशी? तिचा पहिला धागा एका वेलीच्या फुलांत गुंतलेला आहे. पंधराव्या शतकांत समुद्रापलीकडील नेदरलंड्सच्या बाजूनें हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून केलेली बिअर इंग्लंडांत रुजूं लागली. या फुलांनीं पेयास कडवट चव येते आणि तें अधिक काळ टिकतें. टिकूं लागलें म्हणून तें दूर पाठवितां येऊं लागलें. दूर पाठवावयाचें म्हणून मोठीं भांडीं, मोठें भांडवल आणि मोठे व्यापारी आले. घरच्या चुलीवरचा धंदा बायकांच्या हातून हळूहळू निसटला. अठराव्या शतकांत लंडनमध्यें ‘पोर्टर’ नांवाची काळसर बिअर हमाल वर्गांत इतकी प्रिय झाली कीं, हमालांचेंच नांव तिला मिळालें. तिच्यासाठीं भट्टीवाल्यांनीं घरांएवढे लांकडी हौद बांधले. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं लंडनच्या सेंट जाइल्स भागांत असा एक हौद फुटला. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तींत शिरला आणि आठ जीव बुडून वा चिरडून मेले. उंबरठ्यावरचा धंदा चार शतकांत कोठवर येऊन पोंचला होता, हें यावरून ध्यानांत यावें.

दुसरा धागा शास्त्राचा. १७८४ च्या सुमारास जॉन रिचर्डसन या गृहस्थानें गोड रसांत किती सत्त्व उतरलें आहे हें मोजण्याचें एक उपकरण भट्टीवाल्यांच्या हातीं दिलें. त्याचें नांव सॅकॅरोमीटर. त्यानें मोजून पाहतां असें दिसलें कीं, तपकिरी भाजलेल्या जवापेक्षां फिकट जवांतून अधिक सत्त्व निघतें. म्हणजे आजवर स्वस्त म्हणून घेतलेला माल वस्तुतः महाग पडत होता. हा शोध मोलाचा होता यांत शंका नाहीं. त्यामुळें प्रत्येक वेळची बिअर सारखी उतरूं लागली. परंतु ज्या निर्णयासाठीं पूर्वीं जीभ लागत होती तो आतां उपकरणावरील आंकडा देऊं लागला, आणि तें उपकरण गिऱ्हाइकाच्या नव्हे, तर मालकाच्या हातीं होतें.

या इतिहासाचा एक फांटा आपल्या देशापर्यंत येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांच्या भट्टींतील फिकट, कडवट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांसाठीं येत असे. पुढें हॉजसन मंडळींनीं जहाजांच्या कप्तानांना डावलून सारा नफा आपल्याच पदरांत पाडण्याचा डाव टाकला. तेव्हां १८२२ च्या सुमारास कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनीं बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑलसॉप यांस तशीच बिअर करण्याविषयीं सुचविलें. ऑलसॉप यांचा जाणता कारागीर जॉब गुडहेड यानें नमुन्याचा घोट घेतला, कडवटपणामुळें तोंड वांकडें केलें, आणि मग चक्क चहाच्या किटलींत तसलें पेय करून पाहिलें, अशी कथा सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्समचा अंश असल्यामुळें तेथें ही बिअर बोच्या बिअरहूनहि स्वच्छ व खमंग उतरली. ‘इंडिया पेल एल’ हें नांव आज जगभर चाखण्याच्या फळीवर दिसतें, त्याच्या इतिहासांत हा एक घोट असा महत्त्वाचा ठरला आहे.

आतां राज्यकर्त्यांच्या धोरणाकडे वळूं. १७५१ सालीं चित्रकार होगार्थ यानें दोन प्रसिद्ध चित्रें काढलीं. एकांत जिन पिऊन नासलेली गल्ली, दुसऱ्यांत बिअर पिऊन सुखी असलेला रस्ता. जिनपेक्षां बिअर बरी, हा समज पुढें इतका दृढ झाला कीं, १८३० च्या कायद्यानें दोन गिनी भरणाऱ्या कोणाहि करदात्यास बिअरचें दुकान उघडण्याची मुभा मिळाली. हजारों दुकानें निघालीं. परिणाम काय? झिंगलेल्या लोकांच्या तक्रारी वाढल्या, आणि पुढें परवाने पुन्हां आंवळावे लागले. इकडे मोठ्या भट्टीवाल्यांनीं पबच विकत घेण्याचा सपाटा लावला. ज्याचा पब त्याचीच बिअर, असा बंधनाचा व्यवहार पक्का झाला. गिऱ्हाइकानें कोठेंहि जावें. पेल्यांत काय असावें हें मालकानें आधींच ठरविलेलें असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर भट्ट्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि १९७० च्या सुमारास सहा बड्या कंपन्यांनीं हा धंदा व्यापला. त्यांनीं जुन्या पिंपांतील बिअर मागें सारून गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली आणि कार्बन वायूच्या दाबानें नळावाटे सोडलेली बिअर पुढें आणली. तिला टिकवावयास कसब लागत नसे, ती नासत नसे, आणि सर्वत्र सारखीच लागे. हा सारखेपणाच लोकांना डाचूं लागला. स्वतःची बिअर स्वतः तयार करणारे जुने पब त्या वेळीं साऱ्या इंग्लंडांत अवघे चार शिल्लक होते; कॉर्नवॉलमधील हेल्स्टनचा ‘ब्ल्यू अँकर’ हा त्यांतला एक.

१९७१ सालच्या मार्च महिन्यांत मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, बिल मेलर आणि जिम मेकिन हे चार इंग्रज तरुण सुट्टीसाठीं आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन गांवीं गेले होते. तेथील पबमध्यें बसून त्यांनीं एलच्या पुनरुज्जीवनासाठीं एक संघटना काढली. आरंभीं ती थट्टेचाच विषय होती. १९७३ सालीं तिनें ‘खऱ्या एलसाठीं मोहीम’ या अर्थाचें नवें नांव घेतलें आणि ‘कॅमरा’ या अक्षरांनीं ती ओळखली जाऊं लागली. १९७५ सालीं लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्यें तिनें बिअरचें प्रदर्शन भरविलें. १९७७ सालीं अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें पहिला राष्ट्रीय महोत्सव झाला. १९७८ पासून वर्षांतील उत्तम बिअर निवडण्यासाठीं स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेंत भट्टीचें नांव झांकून नुसत्या चवीवर निर्णय देतात. महोत्सवांत पेले भरणारीं, पिंपें उचलणारीं माणसें बिनपगारी स्वयंसेवक असत. गांवच्या जुन्या परीक्षकाचें काम आतां कोणी नेमल्यावांचून शेंकडों नागरिकांनीं आपण होऊन अंगावर घेतलें होतें.

त्यांना शब्द पुरविले ते मुख्यतः मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकानें. हा गायक नव्हे. त्याच नांवाचा पत्रकार. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत जगांतील बिअरची जातवार मांडणी होती. वस्तूला नांव मिळालें कीं ती डोळ्यांस वेगळी दिसूं लागते. रागांचीं नांवें ठाऊक झाल्यावर गाणें जसें निराळें ऐकूं येतें, तसेंच हें. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें घरगुती बिअर करण्यास मोकळीक मिळाली, आणि तेथेंहि लहान भट्ट्यांची लाट उसळली. तिचेंच पाणी पुढें पुन्हां इंग्लंडांत आलें, तें ‘क्राफ्ट’ हें नांव घेऊन.

चाखण्याचा हा कार्यक्रम गांवच्या पबमध्येंच कां व्हावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर तळघरांत आहे. पिंपांतील खरें एल भट्टींतून निघतें तेव्हां तें पुरें झालेलें नसतें. त्यांत किण्व जिवंत असतें आणि आंबण्याची शेवटची क्रिया पबच्या तळघरांतच होते. पिंप कधीं उघडावें, वायु किती सुटूं द्यावा, गाळ कधीं खालीं बसला, उष्णता अकरा ते तेरा अंशांच्या आंत आहे कीं नाहीं, हें सारें पबचालकाच्या हातीं. पिंप एकदां उघडलें कीं तीन-एक दिवसांत संपलें पाहिजे. म्हणून एकाच भट्टीचें एल दोन पबांत दोन प्रकारचें लागूं शकतें. दूध चांगलें असून भागत नाहीं, विरजणाराचा हातहि चांगला लागतो, हें आपल्या गृहिणींस सांगावयास नको.

चाखण्याचीहि एक रीत आहे. सौम्यापासून कडकाकडे आणि फिकटापासून काळ्याकडे जावें. मध्यें पाण्याचा घोट व पावाचा तुकडा घ्यावा. द्राक्षमद्य चाखणारे तें तोंडांत घोळवून थुंकतात. बिअर मात्र गिळतात, कारण हॉपचा कडवटपणा घोट उतरल्यावर मागून उमटतो. दोषहि ओळखावयाचे असतात. लोण्यासारखा वास आला तर आंबण्याची क्रिया अपुरी राहिली असावी. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर हवा लागून माल शिळा झाला. बाटलीस ऊन लागलें तर हॉपमधील द्रव्यें बिघडून एक उग्र दुर्गंध सुटतो. हें सर्व थोडक्या घोटांत समजतें. इंग्लंडच्या कायद्यांत पाइंटाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारें १९० मिलिलिटर, हें एक मान्य माप आहे. पुष्कळ वर्षें तें जवळजवळ अडगळींत पडलें होतें. चाखण्याच्या या सायंकाळांनीं त्याला पुन्हां व्यवहारांत आणलें. अशीं तीन मापें मिळून एकच पाइंट होतो. ज्यास पुष्कळ प्यावयाचें आहे त्याच्यासाठीं ही फळी नव्हे. ज्यास पुष्कळ ओळखावयाचें आहे त्याच्यासाठीं ती आहे.

लोकांच्या रुचीस कायद्याचीहि जोड मिळाली, पण ती सरळ मार्गानें नव्हे. १९८९ सालीं सरकारी चौकशीनंतर असा हुकूम निघाला कीं, दोन हजारांहून अधिक पब असणाऱ्या भट्टीवाल्यांनीं वरच्या संख्येपैकीं निम्मे पब बंधमुक्त करावे, आणि पबचालकास पिंपांतील एक परकी बिअर ठेवूं द्यावी. त्यामुळें लहान भट्ट्यांस दार उघडलें खरें. परंतु बड्या भट्टीवाल्यांनीं पब विकून टाकले आणि ते नव्या मालमत्ता कंपन्यांच्या घशांत गेले. एक मालक गेला, दुसरा आला. २००२ सालीं लहान भट्ट्यांवरील कर निम्म्यापर्यंत उतरविण्यांत आला, तेव्हां मात्र शेतांतील गोठ्यांत, रेल्वेच्या कमानींखालीं नव्या भट्ट्या जोरानें उगवल्या. त्या सवलतीचें स्वरूप २०२३ सालीं बदललें. तात्पर्य, कायदा वाट मोकळी करूं शकतो. तिच्यावरून चालावयाचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.

आपल्या महाराष्ट्राचा या कथेशीं एक विलक्षण धागा आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथें १८६१ सालीं गोऱ्या सोल्जरांची छावणी पडली. नोकरी संपलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहात तेथें महिनोन् महिने कुजत पडत. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनीं पुष्कळांचें डोकें फिरे. त्यावरून ‘देवळाली’चा अपभ्रंश ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजींत ‘वेडापिसा’ या अर्थानें रूढ झाला. २००९ सालीं पुण्यांत हातकसबाची बिअर करणारें जें मद्यगृह निघालें, आणि जें देशांतील अशा पहिल्या मद्यगृहांत गणलें जातें, त्यानें हेंच नांव घेतलें. ज्या प्रांतांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें पिणारासहि परवाना लागतो, त्याच प्रांतांत हा प्रयोग रुजला. बंदी हा एक मार्ग, मोकाट विक्री हा दुसरा. १८३० च्या इंग्लंडानें दुसऱ्याचीं फळें चाखलीं आहेत. चारचौघांत, उजेडांत, मोजून घ्यावयाचें आणि काय घेतों तें जाणून घ्यावयाचें, हा तिसरा मार्ग. तो पूर्ण निर्धोक आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. ज्यास तो झेपत नाहीं त्यानें त्या वाटेस जाऊं नये, हेंच शहाणपण.

या साऱ्या उलाढालींत अजून पणाला लागलेलें आहे तें इंग्लंडांतील गांवचें पब. २० मार्च १९२० रोजीं नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, २० मार्च २०२० रोजीं साथीमुळें तेथील पबांचीं दारें सरकारी हुकुमानें एकदम बंद झालीं. महायुद्धांतहि असें झालें नव्हतें. त्या आघातांतून कित्येक पब पुन्हां उभे राहिले नाहींत. जेथें शिक्षक आणि सुतार एका बाकावर बसून एका पेल्याविषयीं वाद घालतात, अशी जागा गांवांतून गेली कीं ती दुसरीकडून विकत आणतां येत नाहीं. बाटली घरींहि मिळते. पण तळघरांतील जिवंत पिंप, तें राखणारा हात आणि त्यावर निर्णय देणारी पंचायत, हीं तिन्ही एकत्र फक्त तेथेंच भेटतात.

असो. सातशें वर्षांपूर्वीं शपथ घेऊन एलचा घोट घेणारा तो परीक्षक आणि आज तीन पेल्यांची फळी पुढें घेऊन बसलेली ती तरुणी यांच्यांत मोठें अंतर आहे. त्याच्या हातीं दंडाचें भय होतें. तिच्या हातीं केवळ दुसऱ्या दिवशीं पुन्हां येण्याचा किंवा न येण्याचा अधिकार आहे. तरीहि भट्टीवाल्याची नजर आज तिच्या चेहऱ्यावर खिळलेली असते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.